मोठी जाऊ बेटावर जाते

घरात तिला सगळे मोठी म्हणत. मोठी सून, म्हणून मोठी. वर्गातल्या बायका तिला बाई म्हणत. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल होता आणि त्या हॉलमध्ये ती बावीस वर्षं रोज सकाळी सहाला योगाचा वर्ग घेत होती. पावणेसहाला किल्ली लावायची, खिडक्या उघडायच्या, ओल्या फडक्याने फरशी स्वतः पुसायची, मग सतरंज्या अंथरायच्या. पुसायला बाई ठेवू, असं हॉलची समिती दोनदा म्हणाली होती. "दुसऱ्याने पुसलेल्या फरशीवर माझा पाय टेकत नाही," असं सांगून मोठीने विषय मिटवला होता. खाली बंबाची गाडी सुरू झाली की हॉलची फरशी थरथरायची. तेवढं सोडलं तर वर्गात मोठीच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही.

तिच्या शिकवण्यात एक शिस्त होती. ती बायकांकडे तोंड करून उभी राहायची. "उजवा हात वर," म्हणताना स्वतःचा डावा वर करायची, म्हणजे समोरच्या बायकांना आरशात बघितल्यासारखं वाटावं आणि नुसतं बघून करता यावं. बायकांनी डोकं वापरायचं नाही, बाईंकडे बघायचं, बाई जातील त्या बाजूला जायचं, एवढाच नियम. नेमाने येणाऱ्या अकराजणी होत्या. त्यातल्या काही तर पहिल्या वर्षापासूनच्या.

आता धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. तिच्याबद्दल बोलायचं झालं की मोठीच्या आवाजात आधी मध यायचा आणि मग हळूहळू तो आंबायचा.

छोटी घरात आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची कंबर अशी धरली की मूल उचलायची सोय राहिली नाही. मोठीने तिला हाताला धरून हॉलवर नेलं, शेवटच्या ओळीत आडवं केलं आणि तीन महिन्यांत उभं केलं. इथपर्यंतची गोष्ट मोठी स्वतःच आनंदाने सांगायची. पुढे छोटी शेवटच्या ओळीतून मधल्या ओळीत आली, मधल्या ओळीतून पहिल्या ओळीत आली, आणि मग पहिल्या ओळीतूनही पुढे निघून गेली. कुठला तरी अभ्यासक्रम केला, प्रमाणपत्रं आणली, स्वतःचे वर्ग काढले. आणि गेली सात वर्षं ती दूरच्या एका बेटावर शनिवार-रविवारची शिबिरं घेत होती. तिकडे त्याला रिट्रीट म्हणायचे. मोठी शिबिरच म्हणायची, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला हगवणीच्या लसीचं शिबिर वाटावं.

बरं, मनसोक्त चिडावं तर छोटीने तीही सोय ठेवली नव्हती. प्रत्येक शिबिराच्या सुरुवातीला ती हात जोडून सांगायची, "माझी पहिली गुरू म्हणजे माझी मोठी जाऊ." पत्रकावरसुद्धा तसं छापलं होतं. एखादी कृतघ्न निघाली असती तर मोठीला चार लोकांत बोलता तरी आलं असतं. हिच्याबद्दल काय बोलणार? ती आपली मनातल्या मनात जळायची. नवरा एकदा म्हणाला, "तुझं नाव छापलंय, आनंद मान की." मोठी म्हणाली, "नाव कुठे छापलंय? जाऊ छापलंय."

खरं दुखणं सुरू झालं ते थंडीत. मोठीचं मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर पडलं. वर्ग बंद नको म्हणून छोटी रोज पहाटे उठून हॉलवर गेली. एका शब्दाने उपकार बोलून दाखवला नाही. पण त्या सहा आठवड्यांत अकराच्या छत्तीसजणी झाल्या. मोठी प्लास्टर काढून परत आली आणि महिन्याभरात छत्तीसच्या पुन्हा अकरा. आयत्या बिळावर नागोबा बसला असता तर त्याला काठीने हाकलता आलं असतं. हा नागोबा बीळ झाडून, मोठं करून, नमस्कार करून निघून गेला होता.

मग एका गुरुवारी वर्ग सुटताना पोस्टबाई म्हणाली, "बाई, पुढच्या शनिवारी आम्ही नाही." पोस्टबाई म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरीण, अकरातली सर्वांत जुनी, आणि हॉलच्या समितीची अध्यक्ष.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळ्याच. छोटीच्या रिट्रीटला जातोय. बेटावर."

मोठी सतरंजी गुंडाळत राहिली. पोस्टबाई थोडी घुटमळली आणि तिने उरलेलंही सांगून टाकलं. बेटावरून परतल्यावर सोमवारी समितीची बैठक आहे. छत्तीसजणींचा आकडा समितीच्या डोक्यातून जात नाहीये. सकाळचा वर्ग कायमचा छोटीकडे द्यावा असं काहींचं म्हणणं आहे. "अजून ठरलेलं नाही हं," पोस्टबाई म्हणाली. "तुम्हाला बाहेरून कळायला नको म्हणून सांगितलं."

घरी येऊन मोठीने छोटीला फोन केला. छोटीने तिला दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा मोठीने "बघू" म्हटलं होतं. तिच्या तोंडी बघू म्हणजे नाही. या वेळी ती म्हणाली, "जागा आहे का ग एक?" आपल्या अकराजणी तिकडे जाऊ द्यायच्या आणि आपण घरी बसून वाट बघायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. शिवाय एक आशा होतीच. काहीतरी चुकेल. कुणी आजारी पडेल, गाद्या ओल्या निघतील, जेवणात केस सापडेल. देव करो आणि असं काही न होवो, असं तिने मनात म्हटलंही. पण फार जोर लावून म्हटलं नाही.

बोटीला अडीच तास लागले. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक खडक, त्यावर खुरटं गवत, एक बंद पडलेलं दीपगृह आणि दीपगृहाच्या कामगारांसाठी बांधलेली दगडी खोल्यांची रांग. त्याच खोल्या छोटीने नीट करून घेतल्या होत्या. पांढऱ्या भिंती, प्रत्येक खोलीत दोन खाटा, खिडकीत समुद्र. फोन लागत नव्हता. मोठीने खाटेवरची गादी दाबून बघितली, कोरडी होती. उशीचा वास घेतला, उन्हाचा येत होता. स्वयंपाकघरात डोकावली तर उकडलेल्या भाज्या आणि सूप, मीठ अगदी बेताचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर मेलं अंगणही सरळ होतं.

खोलीत जोडीला पोस्टबाई होती. "छान आहे नाही?" ती म्हणाली.

"वारा फार आहे," मोठी म्हणाली. तेवढंच सापडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ओळखपाळख झाली. अठ्ठावीस माणसं होती. अकराजणी मोठीच्या, बाकीची कुठून कुठून आलेली. त्यात एक दातांचे डॉक्टर, पोक काढून बसणारे. छोटीने सगळ्यांसमोर मोठीला वाकून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. मोठीने आशीर्वाद दिला, आणि देताना तिच्या लक्षात आलं की छोटी वाकली ती कंबरेतून, पाठ सरळ ठेवून, गुडघे जराही न वाकवता. ही पाठ मीच सरळ केली, असं तिला वाटलं. मग वाटलं, माझी कुठे आता इतकी सरळ राहते?

तरी हे सगळं सोसवलं असतं. सोसवलं नाही ते शिवणवालीच्या मानेचं. अकरातली एक शिवणकाम करायची. जन्मभर मशीनवर वाकून तिची मान दगड झाली होती. मोठी बावीस वर्षं तिला "मान सैल सोड, मान सैल सोड" सांगत आली होती आणि ती बिचारी तेवढ्याने आणखीच ताठ व्हायची. त्या संध्याकाळी सगळे आडवे पडलेले असताना छोटी तिच्याजवळ बसली. तिच्या मानेखाली दोन बोटं ठेवली. दाबलं नाही, चोळलं नाही, बोलली नाही. नुसती वाट बघत राहिली. मोठी शेजारच्याच सतरंजीवर एक डोळा किलकिला करून बघत होती. दोनेक मिनिटांनी शिवणवालीचं डोकं हळूच एका बाजूला कललं, झोपलेल्या मुलाचं कलतं तसं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाकीच्यांना काही कळलंच नाही. कळलं ते फक्त मोठीला. छोटीचं काम किती बारीक आहे हे त्या अख्ख्या खोलीत नेमकं तिलाच कळत होतं, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा त्रास होता. अडाण्याला हेवा वरवरचा होतो, जाणत्याला आतपर्यंत होतो. हे मी तिला शिकवलेलं नाही, मोठीच्या मनात आलं. हे हिला कुठून आलं? आणि मला का नाही आलं?

शनिवारी सकाळी मौन होतं. उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत कुणी बोलायचं नाही, फक्त छोटी सूचना देणार. दीपगृहाच्या जुन्या कोठीत वर्ग भरला. छोटी समोरच्या चौथऱ्यावर बसली होती, कानाला छोटासा माईक. तिने मोठीला पहिल्या ओळीत मधोमध बसवलं होतं, मानाने. तिच्या अकराजणी कुणी न सांगता आपल्या सतरंज्या उचलून तिच्या मागे येऊन बसल्या.

वक्रासन सुरू झालं. पाय लांब करून बसायचं, एक गुडघा दुमडायचा आणि कंबरेतून वळून मागे बघायचं.

"उजवा गुडघा दुमडा," छोटी म्हणाली. "श्वास घ्या. श्वास सोडत उजवीकडे वळा. थांबा."

मोठी छान वळली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी असं वळणारी बाई दाखवा म्हणावं. वळली आणि समोर एकदम दातांच्या डॉक्टरांचा चेहरा आला, वीतभर अंतरावर. ते तिच्या डाव्या हाताला बसलेले, तोंड तिच्याकडे, डोळे वटारलेले. काय हा वेंधळा माणूस, मोठीने मनात म्हटलं. जनाच्या तोंडात घालतो बोटं आणि स्वतःचा उजवा-डावा कळत नाही. मौन होतं म्हणून तिने भुवया उडवून त्यांना सांगितलं, तिकडे वळा, तिकडे. डॉक्टरांनी नम्रपणे मान हलवली, नाही. मोठीने मागे नजर टाकली. तिच्या अकराजणी तिच्यासारख्याच वळलेल्या, एकजात, एका बाजूला. बघा, तिने डोळ्यांनीच डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी एक बोट हळूच उचलून पलीकडे केलं. पलीकडे पोत्यासारखी वळलेली उरलेली सगळी माणसं होती, तीही एकजात, दुसऱ्या बाजूला. आणि चौथऱ्यावर छोटीही तशीच.

मोठीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षं उजवा म्हणत डाव्याला हलवलं होतं. उजवा शब्द कानावर पडला की तिचं अंग आपोआप डावीकडे जायचं. विचारायला डोक्यापर्यंत जायचंच नाही. आणि तिच्या मागच्या अकराजणींची अंगं तिच्यामागे गेली होती. आता खोलीत अर्धी माणसं अर्ध्या माणसांच्या तोंडासमोर तोंड आणून बसली होती आणि कुणाला बोलायची परवानगी नव्हती. आधी शिवणवाली फिसकन हसली. मग डॉक्टर. मग सगळी कोठी पोट धरून, आवाज न करता हसायला लागली. मुक्याने हसणं हे मोठ्याने हसण्यापेक्षा फार वाईट असतं.

छोटी हसली नाही. "दोन्ही बाजू करायच्याच आहेत," ती शांतपणे म्हणाली. "ज्यांची डावी आधी झाली त्यांनी आता उजवी करा."

झालं. एवढ्या एका वाक्यात तिने मोठीची फजिती घडी घालून कपाटात ठेवून दिली. मोठीला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं. माझी लाजसुद्धा हीच झाकणार का? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे पुरेपूर कळायला ती अडीच तास बोटीत बसून आली होती, आणि तेही समितीच्या अध्यक्षांना पाठीमागे बसवून.

दुपारी मौन सुटलं. जेवणाच्या टेबलावर पोस्टबाई शेजारी येऊन बसली. "बाई, तुम्ही वळलात म्हणून आम्ही वळलो," ती म्हणाली.

मोठीने सुपात चमचा फिरवला. "पुढच्या वेळी वळू नका," ती म्हणाली आणि उठून गेली. उरलेला दिवस ती सगळ्यांच्या मागे, भिंतीशी बसली. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. गुडघा तिचा खणखणीत होता. सोमवारी काय होणार याचा निकाल तिने स्वतःच लावून टाकला होता: साठी उलटली, उजवा-डावा समजत नाही, द्या वर्ग दुसरीला. बरोबरच होतं ते. मीच समितीवर असते तर हेच म्हटलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि ते बरोबर आहे म्हणून तिचा आणखी तिळपापड झाला.

रविवारी दुपारी सगळे धक्क्यावर बोटीची वाट बघत होते. अकराजणी सामानावर बसून फोटो काढत होत्या. मोठी जरा लांब, दोर बांधायच्या खांबाशी उभी होती. छोटी तिच्याकडे आली. तिला खोल्या बंद करून संध्याकाळच्या बोटीने यायचं होतं.

"ताई, उद्या समितीची बैठक आहे ना," छोटी म्हणाली. "मला विचारलंय त्यांनी. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही नुसतं सांगा, मी नाही म्हणून कळवते."

अशा वेळी मोठ्या जावेने काय म्हणायचं असतं ते ठरलेलं आहे. अगं, घे तूच, माझं आता वय झालं. वाक्य तयार होतं, तोंडात आलंही होतं. ते म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, किती मोठं मन. मोठीने ते गिळलं.

"नाही म्हणून कळव," ती म्हणाली.

छोटीचा चेहरा पडला. तिने विचारलं होतं ते मनापासून, पण ताटातला शेवटचा घास आपण आग्रहाने दुसऱ्याला देऊ करतो तसं. तो खरंच उचलला जाईल असं तिला वाटलं नसावं.

"कळवते," ती म्हणाली.

मोठी तिच्याकडे बघत राहिली. "तुला हवाय की काय तो वर्ग?"

"हवाय."

"कशाला? तुझ्याकडे एवढं बेट आहे."

"बेटावरची माणसं दर शनिवारी बदलतात, ताई." छोटी समुद्राकडे बघत बोलत होती. "थंडीत सहा आठवडे तुमचा वर्ग घेतला. छत्तीसजणी येत होत्या, पण या अकराजणी रोज पहिला प्रश्न विचारायच्या, बाईंचा हात कसा आहे? रोज. मग मी काय शिकवेन ते करायच्या. आणि काल... मी समोर बसले होते, माईकवर सांगत होते, करून दाखवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही चुकलात आणि त्या तुमच्यामागे चुकल्या. सात वर्षं शिकवतेय मी. माझ्यामागे अजून कुणी चुकलं नाही. मला तुमचा हेवा वाटतो, ताई. खूप वाटतो."

चांगल्या माणसांच्या गोष्टीत इथे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. मोठीच्याही आत काहीतरी हललं, नाही असं नाही. या पोरीची कंबर धरली होती तेव्हा ती फरशीवर पडून अशीच एकेक वाक्य तोडत बोलायची. तिच्या पाठीवरून हात फिरवावा, असं मोठीच्या मनात येऊन गेलं. पण इतकी वर्षं तिने जो हेवा पोटात सांभाळला होता, तोच आज समोरून चालत तिच्याकडे आला होता. तिला ते इतक्यात संपायला नको होतं.

"काय म्हणालीस?" ती कानामागे हात धरून म्हणाली. "वाऱ्यात ऐकू नाही आलं."

छोटीने तिच्याकडे बघितलं. मोठीला नीट ऐकू आलं होतं, आणि ते छोटीला कळलं होतं, आणि कळलंय हे मोठीलाही दिसलं. तरी मोठीने हात खाली घेतला नाही.

"मला तुमचा हेवा वाटतो," छोटी मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने की सामानावर बसलेल्या अकराजणींनी माना वळवल्या.

"बरं," मोठी म्हणाली. तिने आपली पिशवी उचलली आणि ती त्यांच्यात जाऊन बसली.